आप्पांची रिकामी गाडी

माझ्या लग्नाची पत्रिका मी आप्पांच्या हातात ठेवली, तेव्हा त्यांनी ती लगेच उघडली नाही. पाकीट उलटं केलं, सुलटं केलं, हळदी-कुंकवाच्या बोटाकडं बघितलं आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघत विचारलं, "पेड का टू-पे?"

दुसऱ्या कुणाला काही कळलं नसतं. मला कळलं, कारण तासगावात त्यांच्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात मी कॉम्प्युटरवर बसत होते आणि दिवसभर हेच टाईप करत होते. माल पाठवणाऱ्यानं भाडं आधीच भरलं तर पेड, आणि माल उतरवून घेणाऱ्यानं भरायचं असलं तर टू-पे. आप्पांना एवढंच विचारायचं होतं, की लग्नाचा खर्च मुलीकडचे करणार का मुलाकडचे.

"निम्मा-निम्मा," मी म्हटलं.

"असलं बुकिंग आपल्याकडं न्हाई," आप्पा म्हणाले, "पर चांगलं हाय." मग पत्रिका उघडली. नवरा साताऱ्याचा आहे हे वाचून त्यांचा चेहराच खुलला. "सातारा लाईन झकास. परतीचं भाडं कायम मिळतं बघ." हे मी लग्नानंतर नवऱ्याला सांगितलं, ती चूकच झाली. परतीचं भाडं म्हणजे नक्की कोण, असं तो अजूनही अधूनमधून विचारतो.

आप्पा माझे नात्याचे कुणी नव्हेत. ठेंगणा, गोल माणूस. पांढरी विजार, पांढरा शर्ट, आणि पोटावरचं बटण कायम जीव मुठीत धरून बसलेलं. त्या पोटाला ते स्वतःच ओव्हरलोड म्हणायचे. मार्केट यार्डाच्या मागच्या अंगाला त्यांचं ऑफिस, वर राहायचं घर. स्वतःची गाडी एकच, बाकी बाहेरच्या गाड्या मिळवून माल चढवून द्यायचा. माल म्हणजे मुख्यतः बेदाणा. हंगामात त्या ऑफिसात इतका गोड वास असायचा, की संध्याकाळी घरी गेले तरी माझ्या ओढणीला माश्या बसायच्या.

नोकरी मागायला गेले तेव्हा आप्पांनी मला शिक्षण विचारलं नाही. "सांगलीस्नं रोज येणार? एसटीनं?" म्हणाले. मी हो म्हटलं. "आणि जाताना रिकामीच जाणार?" मला वाटलं, बिचाऱ्यांना पोरीबाळीच्या जाण्यायेण्याची काळजी. "नाही आप्पा, मैत्रीण असते सोबत," मी म्हटलं. "मैत्रीण न्हाई गं, पार्सल, पार्सल!"

बी.कॉम. फर्स्ट क्लास मी, आणि पहिल्याच दिवशी संध्याकाळी पंपाचा एक तेलकट पार्ट मांडीवर घेऊन सांगलीला गेले. पुढं काय काय नेलं म्हणून सांगू! कुणाचा दुरुस्तीचा चष्मा, कुणाच्या सुनेचं विसरलेलं मंगळसूत्र, कडीपत्त्याची रोपं, एकदा तर हळद दळायच्या गिरणीचा पट्टा. तो मी गळ्यात घालून एसटीत उभी होते. कंडक्टर म्हणाला, "ताई, हाराचं अर्धं तिकीट पडंल." आणि सकाळी येताना सांगलीचं काहीतरी तासगावला आणायचं ते वेगळंच. दोन्ही बाजूंनी भरलेली मी.

याला आप्पांचा धर्म म्हणायचं. देवधर्म ते फारसे करत नसत, पण एका गोष्टीवर त्यांची श्रद्धा होती. रिकामी गाडी पळवायची नाही. माल घेऊन गेलेली गाडी परत येताना तिकडचा माल घेऊनच आली पाहिजे, त्याला रिटर्न लोड म्हणतात. ट्रान्सपोर्टमधले सगळेच बघतात रिटर्न लोड, नाही म्हणून कसं चालेल? पण बाकीचे दोन तास वाट बघतात, नाही मिळालं तर निमूट परत येतात. आप्पांना रिकामी गाडी बघवायचीच नाही. "रिकामी गाडी पळवायची म्हंजी फुकट रस्ता झिजवायचा," म्हणायचे. दुसऱ्याची गाडी रिकामी चाललेली दिसली तरी हळहळायचे. पुतण्याच्या लग्नाला भांडी घेऊन गेले आणि येताना मांडववाल्याच्या खुर्च्या भरून आले. वऱ्हाड त्या खुर्च्यांवर बसून आलं. वऱ्हाडाला बरंच वाटलं म्हणा.

दुसरा त्यांचा हट्ट म्हणजे पोच. माल पोचल्याची सही हातात आल्याशिवाय माल पोचला असं धरायचं नाही, हे धंद्यात बरोबरच आहे. पण आप्पा माणसांकडूनही पोच घ्यायचे. मी घरी गेले की फोनवर "पोच" एवढं लिहून पाठवायचं. एकदा मी विसरले आणि झोपले. आप्पांनी आईला फोन लावला. "वहिनी, तासगावचा माल पोचला का?"

"कसला माल?" आई म्हणाली.

"आवं, तुमची पोरगी."

माझी आई शांत बाई आहे, पण त्या दिवशी तिनं आप्पांना असं काही सुनावलं की शेजारचे बाहेर आले. "माझ्या लेकीला माल म्हणता? तुमचं वय काय, बोलता काय!" आप्पा पलीकडून नुसते "व्हय वहिनी, चुकलंच वहिनी" करत होते. शेवटी आई दमून थांबली, तेव्हा हळूच म्हणाले, "मग पोचली न्हवं?"

पाहुणा ऑफिसात आला, त्याचा चहा झाला, तरी उठेना, की आप्पा घड्याळाकडं बघत म्हणायचे, "पाव्हणं, डॅमरेज चालू झालं बरं का." गोदामात माल वेळेत उचलला नाही की त्याच्यावर रोजचा आकार लागतो, तो डॅमरेज. एक विमा एजंट हे न कळून "कुठं डॅमेज झालंय? क्लेम करू या," म्हणून आणखी तासभर बसला.

सांगलीच्या दवाखान्यात त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन होतं, तेव्हाचं तर विचारूच नका. मी आणि काकी शेजारी उभ्या. डॉक्टर समजावून सांगताहेत, आणि आप्पा विचारतात, "ओनर्स रिस्क का कॅरिअर्स रिस्क?" डॉक्टर माझ्याकडं बघायला लागले. मी सांगितलं की वाटेत मोडतोड झाली तर नुकसान मालकाचं का गाडीवाल्याचं, असं ते विचारताहेत. डॉक्टर भला माणूस. "काका, काळजी करू नका, साधं ऑपरेशन आहे," म्हणाला.

"साधं हाय तर कॅरिअर्स रिस्क लिवून द्या की मग!"

"आवं, गप पडा की जरा," काकी म्हणाल्या आणि त्यांनी चादर त्यांच्या हनुवटीपर्यंत ओढली. ऑपरेशन झालं. गुंगी उतरत होती, आणि आप्पा डोळे न उघडता पुटपुटले, "घट किती आली?" वाटेत मालाचं वजन कमी भरतं ती घट. नर्स घाबरून बाहेर आली. "पेशंट काहीतरी बडबडतोय." काकींनी निवांत पिशवी उचलली. "न्हाई बाई," म्हणाल्या, "शुद्धीवर आलेत."

काकी म्हणजे आप्पांच्या बायको. वडूजच्या माहेरवाशीण. आप्पांपेक्षा वीतभर उंच, बोलणं कमी, पण बोलल्या की समोरच्याला दुसऱ्या दिवशी कळायचं की आपल्याला काय बोललं गेलं. एकुलता मुलगा पुण्याला नोकरीला. त्याला आप्पा "एक्सपोर्ट" म्हणायचे. काकी वर घरात ब्लाऊज शिवायच्या. खाली ऑफिसात बसलं की डोक्यावर त्यांच्या शिलाई मशीनची घरघर चालू असायची. फोनवर पार्टीचं बोलणं ऐकू आलं नाही की आप्पा छताकडं बघून ओरडायचे, "आगं, जरा हॉल्टिंग घे!" वरून उत्तर म्हणून मशीन आणखी जोरात चालायचं.

काकींची हौस एकच. महाबळेश्वर बघायचं. सातारा जिल्ह्यातल्या बाई, आख्खा जन्म संसारात गेला, आणि महाबळेश्वर बघितलं नाही. गल्लीतल्या सगळ्या बायका जाऊन आल्या, घोड्यावर बसलेले फोटो दाखवून झाले. काकींनी विषय काढला की आप्पा म्हणायचे, "जाऊ की. पर परतीला तिथनं काय भरायचं? थंड हवा?" मी एकदा म्हटलं, स्ट्रॉबेरी भरा. "नाजूक माल. आपली गाडी उघडी," म्हणाले. विषय खलास.

आणि एक दिवस साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्याचं बेदाण्याचं बुकिंग आलं. आप्पांनीच वर जाऊन सांगितलं, "उद्या गाडी साताऱ्याला चाललीया. खाली केली की तसंच वर जाऊ महाबळेश्वराला. चल." काकींनी अबोली रंगाची नवी साडी काढली, स्वेटर घेतला, धपाट्यांचा डबा घेतला. पहाटे त्या केबिनमध्ये चढल्या, तेव्हा कशा दिसत होत्या ते फौजीनं मला सांगितलं. "मॅडम, वरात निघाल्यासारखं वाटलं."

फौजी म्हणजे आमचा ड्रायव्हर, सातारकर, सैन्यात गाड्या चालवून रिटायर झालेला. पुढचं सगळं मला त्यानं दुसऱ्या दिवशी सावधानमध्ये उभं राहून सांगितलं. कारखान्याच्या गेटवर गाड्यांची ही लाईन. नंबर लागेना. काकी नव्या साडीत केबिनमध्ये बसून. ऊन चढलं, केबिन तापली, वॉचमनला दया आली, त्यानं स्वतःची खुर्ची सावलीत आणून दिली. काकींनी धपाटे तिथंच सोडले आणि वॉचमनलाही दिले. दुपार कलल्यावर गाडी खाली झाली एकदाची. काकी उठल्या, पदर झटकला. आणि आप्पांचा फोन वाजला, एका एजंटाचा. साताऱ्यातनं विट्याला कोंबड्यांचं खाद्य न्यायचंय, गाडी आत्ता लावली तर आत्ता भरून देतो.

"शेठचा चेहरा असा झाला मॅडम," फौजी म्हणाला, "जसं काय दोन्हीकडनं फायरिंग चाललंय." रिकामी गाडी वर न्यायची, रिकामी खाली आणायची, आणि हातातलं भाडं सोडायचं. आप्पा खुर्चीपाशी गेले आणि म्हणाले, "महाबळेश्वर कुठं पळून चाललंय का?"

काकींनी पिशवी उचलली आणि केबिनमध्ये जाऊन बसल्या. गाडी भरली. त्या खाद्याला सुक्या मासळीचा उग्र वास असतो, तो केबिनपर्यंत आला. काकींनी स्वेटर नाकाला लावला. कोरेगाव गेलं, पुसेगाव गेलं, वडूजच्या स्टँडपाशी काकी म्हणाल्या, "फौजी, गाडी बाजूला घ्या." पिशवी घेऊन उतरल्या आणि माहेरच्या वाटेला लागल्या. एखाद्यानं मागं पळायचं, हाताला धरायचं. आमच्या आप्पांनी खिडकीतनं डोकं काढलं आणि ओरडले, "आगं, बुकिंग तासगावचं हाय!"

"एक गोळी न्हाई झाडली काकींनी," फौजी म्हणाला. "पर आपण हारलो, मॅडम."

त्या दिवसापासून ऑफिसात डोक्यावरची घरघर बंद. अकरा वाजता वरून यायचा तो चहा बंद. हॉटेलातला चहा यायला लागला, तो आप्पा अर्धा ठेवायचे. कुणी विचारलं, काकी कुठं, की सांगायचे, "ट्रान्शिपमेंटला हायत." म्हणजे मधल्या गावी माल एका गाडीतनं काढून दुसऱ्या गाडीत चढवतात, तसं थोडं थांबणं. आठवडा गेल्यावर मला राहवलं नाही. "आप्पा," मी म्हटलं, "ट्रान्शिपमेंटला माल पुढं जातो. काकी मागं गेल्यात." आप्पांनी बिलबुक उलटं धरून वाचायला घेतलं. मला बरं नाही वाटलं.

फोन केला की मेव्हणा उचलायचा. काकींचा धाकटा भाऊ. "दाजी, आक्का बोलत न्हाई म्हणतीया." शेवटी एकदा निरोप आला. न्यायला यायचं तर या, पर माझ्यासाठी या.

आप्पांनी दुसऱ्याच दिवशी गाडी काढली. मला म्हणाले, "तू बी चल. तुझं ती ऐकती." मी आनंदानं चढले आणि मागं बघितलं, तर गाडी बेदाण्याच्या खोक्यांनी गच्च. "आप्पा, हे काय?"

"वडूजच्या पेठेत द्यायचाय. आता जातोयच तर."

"आप्पा, नका हो!"

"अगं, खाली करूनच जाणार हाय तिच्याकडं. तिला कुठं दिसतंय?"

काकींना न दिसायला काय झालं? पेठेत माल उतरवून आम्ही माहेरच्या दारात गाडी लावली, तर काकी आप्पांकडं बघायचं सोडून आधी गाडीकडं बघत होत्या. सुटलेले दोर, घडी घातलेली ताडपत्री. या बाईचा जन्म ट्रान्सपोर्टवाल्याच्या घरात गेलेला.

"कुणाला न्यायला आलाय?" काकींनी विचारलं.

"तुला की."

"आणि गाडीत काय हुतं?"

आप्पा खोटं बोलू शकले असते. पण मालाचं वर्णन खोटं द्यायचं नाही, हाही त्यांच्या धर्माचाच भाग. "बेदाणा हुता," म्हणाले. "हिकडं यायचंच हुतं, म्हंजी..."

"म्हंजी बेदाण्याला हिकडं यायचं हुतं. मी आपली परतीला." काकींचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "आवं, मी तुमचा रिटर्न लोड न्हाई. ज्या दिवशी निव्वळ माझ्यासाठी गाडी काढचाल, त्या दिवशी या. आता चहा घ्या आणि जावा."

आम्ही चहा घेतला आणि निघालो. मायणीच्या पुढं रस्त्याकडेला एक शेतकरी कांद्याची पोती घेऊन उभा होता, त्यानं हात केला. आणि आप्पा, मनानं कुठंतरी लांब असलेले आप्पा, सवयीनं म्हणाले, "थांबीव, थांबीव."

पोती चढली. मग मात्र माझा तोल गेला. "आप्पा, तुम्हाला काही वाटतं का हो? बायको दारात उभी राहून काय म्हणाली, आणि तुम्ही कांदे भरताय!"

"आता ती न्हाई आली, तर जागा हायच न्हवं मागं," आप्पा बारीक आवाजात म्हणाले.

"आणि ती आली असती तर मागं बसवणार होता का?" तासगाव येईपर्यंत मी तोंड आवरलं नाही. नोकरी जाईल तर जाऊ दे, म्हटलं. फौजी समोरचा रस्ता सोडून इकडं तिकडं बघत नव्हता, पण प्रत्येक वाक्याला मान हलवत होता.

मग एके सकाळी मला काकींचा फोन आला. माझ्या हातात बिलं होती म्हणून मी स्पीकर लावला, आणि आप्पा समोरच बसलेले. "बाई," काकी म्हणाल्या, "माझं मशीन पाठवून दे. तुमच्याच गाडीनं बुक कर. टू-पे."

"काकी, मशीन? कशाला?"

"हिथं बाया ब्लाऊज शिवायला मागं लागल्यात. भावानं ओसरीवर जागा करून दिलीया. बसून किती खायाचं भावाचं?" आणि फोन ठेवला.

मी आप्पांकडं बघितलं नाही. धीरच झाला नाही. माणूस रागानं माहेरी जातं, ते महिन्यानं परत येतं. मशीन गेलं की माणूस येत नसतं. हे मला कळलं, आप्पांना कळणार नाही होय? ते उठले आणि जिना चढून वर गेले.

बराच वेळ झाला तरी खाली येईनात, म्हणून मी वर गेले. आप्पा फरशीवर मांडी घालून बसले होते. मशीन त्यांनी बेदाण्याच्या खोक्यांचे पुठ्ठे लावून बांधायला घेतलेलं. काय सुंदर पॅकिंग केलं होतं! कोपऱ्यांना चिंध्या, चाकाला गोणपाट, वर बाण काढून 'ही बाजू वर' लिहिलेलं. आणि मग एका बाजूची सुतळी त्यांनीच सोडली होती आणि ती हातात धरून बसले होते.

"किती वर्सं डोक्यावर घरघर करतंय हे," म्हणाले. "मला वाटायचं, बंद पडलं तर बरं हुईल. आता खाली बसवत न्हाई मला, पोरी. मला तिच्याबिगार करमत न्हाई." एवढं सरळ वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. त्यात ट्रान्सपोर्टचा एकही शब्द नव्हता. मला रडूच आलं. मी पदराला, म्हणजे ओढणीला डोळे पुसले आणि उरलेली सुतळी सोडायला बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा दारात उभे राहून म्हणाले, "फौजी, गाडी काढ. वडूज."

"लोडिंग कुठनं, शेठ?"

"लोडिंग न्हाई. रिकामी."

फौजी माझ्याजवळ आला. "मॅडम, शेठला ताप हाय का बघा जरा." मी म्हटलं, ताप नाही, आत्ता उतरलाय. तो डोकं खाजवत म्हणाला, "मग ते मशीन तरी टाकू का मागं? मागितलंय न्हवं काकींनी?"

"मशीनला हात लावायचा न्हाई," आप्पा वरच्या पट्टीत म्हणाले. "ते हिथंच ऱ्हाणार. गाडीत काय बी जाणार न्हाई. तुझा डबा बी मांडीवर घे."

मीही केबिनमध्ये चढून बसले. भरलेली गाडी रस्त्याला धरून चालते. रिकामी गाडी उडते. खड्डा आला की मागचा हौदा असा आदळतो की दात वाजतात. आमची निघाली ती धडाडधूम करत. प्रत्येक दणक्याला आप्पा डोळे मिटायचे, जसं काय त्यांच्याच पाठीत बसतोय.

विट्यात सिग्नलसारखा उभा असलेला एक ओळखीचा एजंट आडवा आला. गाडीत डोकावून त्यानं स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "आप्पा? तुमी? रिकामे? आवं, मायणीचं भाडं तयार हाय, छपराचं पत्रं हायत, धा मिनटात चढिवतो!"

आप्पांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले आणि म्हणाले, "आज न्हाई गड्या."

"का वो? कोण गेलं का?"

"चल रं फौजी, चल!"

पुढं फोन वाजायला लागला. एका पार्टीचा, मग दुसऱ्याचा. एजंटानं बातमी पसरवली असणार की आप्पांची गाडी रिकामी निघालीय. आप्पांनी फोन बंद करून माझ्या पर्समध्ये टाकला. मायणीच्या अलीकडं रस्त्याकडेला चार माणसं भुशाची पोती घेऊन उभी दिसली, तेव्हा ते लांबूनच म्हणाले, "फौजी, जोरात घे. मी डोळं झाकतो. गेली की सांग." आम्ही पुढं गेलो तरी फौजीनं मुद्दामच सांगितलं नाही. आप्पा बराच वेळ डोळे मिटून बसले.

वडूजला दारात गाडी लागली. काकी बाहेर आल्या. आप्पांशी बोलल्या नाहीत, सरळ गाडीच्या मागं गेल्या. "फौजी, फाळका पाडा." फौजीनं मागचा फाळका पाडला. काकी टाचा उंच करून आत बघायला लागल्या. आत लोखंडी पत्रा, एक दोर आणि ताडपत्री. पत्र्यावर हात फिरवून त्यांनी बोटं बघितली. त्यावर धूळ होती, ताज्या मालाचा चुरा नव्हता.

"वाटेत कुठं खाली केली?"

"कुठंबी न्हाई, काकी," फौजी छाती काढून म्हणाला. "कसम से. तासगावपास्नं अशीच आलीया. विट्यात तर शेठला घाम फुटलेला."

काकींनी आप्पांकडं बघितलं. आप्पा दारातल्या चिंचेखाली उभे होते, शर्टाचं बटण तुटलेलं, हात कुठं ठेवावेत ते कळत नसलेले.

"आणि माझं मशीन?"

"न्हाई आणलं."

"का?"

"मशीन हिकडं आणलं असतं, तर तू तिकडं कशाला आली असतीस?" आप्पा म्हणाले.

काकींनी पदर तोंडाला लावला आणि आत गेल्या. आम्ही तिघंही उभेच. बरं वाटून गेल्या का वाईट वाटून, कळायला मार्ग नव्हता. फौजीनं तर टोपीच काढली. मग आतून भांड्यांचा आवाज आला, कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि काकी पिशवी घेऊन बाहेर आल्या. स्वेटर हातावर होता. "मुकादमासारखं उभं काय ऱ्हायलाय," आप्पांना म्हणाल्या, "ही पिशवी धरा की."

आम्ही निघणार एवढ्यात मेव्हणा घाईनं आला. "दाजी, गाडी मोकळीच चाललीया न्हवं? माझी कांद्याची पोती हायत थोडी. विट्याला टाकाय हुती. घेताय का मागं?"

मला वाटलं, झालं. आता हा माणूस मोडणार. घरचा माल, वाटेवरचं गाव, आख्खी गाडी रिकामी. काकीही बघत होत्या.

आप्पांनी मागच्या त्या मोकळ्या हौद्याकडं एकवार बघितलं. "जागा न्हाई गड्या," म्हणाले. "फुल लोड हाय."

मेव्हणा हौद्याकडं बघायला लागला, फौजी मेव्हण्याकडं. काकींच्या चेहऱ्यावर असा रंग चढला की मी दुसरीकडं बघितलं. मग त्या फणकारल्या, "फुल लोड म्हंजी? एवढी जाड झाली का काय मी माहेरात?"

"वजनाचं न्हाई बोलत मी," आप्पा म्हणाले आणि लगबगीनं केबिनमध्ये चढले.

परतीची सगळी वाट मागचा हौदा नुसता उडत होता. मी काकींच्या शेजारी, काकी आप्पांच्या शेजारी, दाटीवाटीनं. विट्याच्या अलीकडं एक मोठा खड्डा आला, गाडी असली आदळली की काकींचं डोकं आप्पांच्या खांद्यावर आपटलं. त्यांनी ते लगेच उचलून घेतलं नाही.

"भावाची चार पोती घेतली असती," काकी हळू म्हणाल्या, "तर एवढी आदळली नसती गाडी."

"आदळू दे," आप्पा म्हणाले.